आकाशवाणी : एका शब्दाची पळवापळवी

वर्षातून दोनदा हा सोहळा ठरलेला आहे. एकदा १३ फेब्रुवारीला, जागतिक रेडिओ दिनी. दुसऱ्यांदा २३ जुलैला, आपल्या राष्ट्रीय प्रसारण दिनी. रवींद्रनाथ टागोरांचे छायाचित्र, शेजारी जुना लाकडी रेडिओ आणि खाली ठळक अक्षरांत एक वाक्य : ‘आकाशवाणी हे नाव गुरुदेवांनी दिले.’ पाठवणाऱ्याला पाठवल्याचे समाधान मिळते, वाचणाऱ्याला ज्ञान झाल्याचे. २०२३ पासून त्याच्या जोडीला दुसरे वाक्यही फिरू लागले आहे : ‘इंग्रजांचे ऑल इंडिया रेडिओ गेले, आपले हजारो वर्षांचे आकाशवाणी परत आले.’

दोन्ही वाक्ये चुकीची आहेत. पहिले वाक्य एका माणसाचे श्रेय दुसऱ्याला देते. दुसरे तर कोणाही माणसाला श्रेय द्यायलाच तयार नाही. ते सगळे काही ‘परंपरा’ नावाच्या निराकार खात्यावर जमा करते. या दोन्हींच्या मध्ये म्हैसूरचा एक मानसशास्त्राचा प्राध्यापक चिरडला गेला आहे. हा धागा त्याच्यासाठी आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

आधी एक भेद ध्यानात घेऊ, कारण सारा गोंधळ तो न केल्यामुळे होतो. शब्दाचे वय वेगळे आणि संज्ञेचे वय वेगळे. ‘विमान’ हा शब्द रामायणात आहे. परंतु पंख, इंजिन आणि तिकीट असलेल्या वाहनाला ‘विमान’ म्हणायला आपण विसाव्या शतकात सुरुवात केली. जुना शब्द नव्या वस्तूला बसवणे ही एक कृती आहे. ती कोणीतरी, कुठेतरी, एका विशिष्ट काळी करतो. शब्द जुना म्हणून वस्तूही जुनी, असे कोणी शहाणा माणूस म्हणत नाही. (काही जण तेही म्हणतात, पण त्यांच्यासाठी स्वतंत्र धागा लागेल.)

तेव्हा प्रश्न ‘आकाशवाणी हा शब्द कोठे आढळतो’ हा नाही. पुराणकथांत, कीर्तनांत, आजीच्या गोष्टींत तो आढळतोच. खरा प्रश्न असा : रेडिओ या यंत्राला, प्रक्षेपण करणाऱ्या केंद्राला, ‘आकाशवाणी’ असे प्रथम कोणी म्हटले?

त्याआधी जुन्या अर्थाकडे एक नजर टाकू, कारण तो आपण समजतो तितका साधा नाही. कंसाची कथा सर्वांना ठाऊक आहे : देवकीची वरात निघाली असताना तिच्या आठव्या पुत्राच्या हातून तुझा मृत्यू आहे, असे सांगणारा आवाज येतो. आपण तिला सहज आकाशवाणी म्हणतो. भागवताच्या दशम स्कंधात मात्र त्या आवाजासाठी आलेला शब्द आहे ‘अशरीरवाक्’, म्हणजे देह नसलेली वाणी. कालिदासाच्या शाकुंतलातही कण्वमुनींना शकुंतलेच्या विवाहाची वार्ता अग्निशाळेत अशाच देहरहित, छंदोबद्ध वाणीने कळते. म्हणजे जुन्या कल्पनेचा गाभा ‘आकाश’ हा नाही. बोलणारा दिसत नाही, हा आहे.

या वाणीचे आणखी दोन गुण आहेत. ती एकाला उद्देशून असते : कंसाला, कण्वांना. आणि तिला उलट उत्तर देता येत नाही. कंसाने तलवार उपसली ती देवकीवर. आवाजावर उपसणार तरी कशी?

संस्कृत नाट्यशास्त्रात याच्या शेजारी आणखी एक सुरेख संज्ञा आहे : आकाशभाषित. रंगमंचावर एकटाच नट असतो. तो समोर नसलेल्या माणसाशी बोलतो, त्याचे न ऐकू आलेले उत्तर ‘काय म्हणतोस?’ असे म्हणून स्वतःच उच्चारतो आणि संभाषण पुढे नेतो. ‘भाण’ नावाचा एकपात्री नाट्यप्रकार पूर्ण याच युक्तीवर उभा आहे. बंद खोलीत ध्वनिग्राहकासमोर बसून, न दिसणाऱ्या श्रोत्याला ‘कसे आहात?’ विचारणारा निवेदक पाहिला की माझ्या मते रेडिओला खरा समर्पक संस्कृत शब्द हाच होता. पण इतिहास समर्पकतेचा स्पर्धानिकाल नसतो. रूढ झाला तो शब्द दुसराच.

आता पश्चिमेकडे. ‘ब्रॉडकास्ट’ या इंग्रजी शब्दाचा जन्म स्टुडिओत झाला नाही. तो शेतात झाला. ब्रॉड म्हणजे रुंद, विस्तृत. कास्ट म्हणजे फेकणे. अठराव्या शतकात इंग्रज शेतकरी हा शब्द वापरत तो बी मुठीने दूरवर उधळण्यासाठी. आपल्याकडे पाभरीने ओळीत पेरतात ती एक पद्धत आणि बी फोकून पेरतात ती दुसरी. ब्रॉडकास्ट म्हणजे नेमके हे फोकणे. कोणता दाणा कोठे पडेल, कोणता उगवेल, याचा हिशेब त्यात नसतो.

हा शब्द रेडिओला का चिकटला, हे समजण्यासाठी बिनतारी संदेशवहनाची मूळ अडचण पाहावी लागते. मार्कोनीच्या काळात बिनतारी यंत्र हे तारेला पर्याय म्हणून आले. तारेचा संदेश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो. मधल्या कोणाला तो कळत नाही. बिनतारी संदेश मात्र सर्व दिशांना पसरतो आणि ज्याच्यापाशी यंत्र आहे त्या प्रत्येकाला ऐकू येतो. व्यापारी आणि सेनापती यांच्या दृष्टीने हा उघड दोष होता. पहिल्या महायुद्धानंतर कोणाच्या तरी ध्यानात आले की हा दोष नसून हेच या यंत्राचे सामर्थ्य आहे : एकाने बोलावे, असंख्यांनी ऐकावे. दोषाचा गुण झाला त्या क्षणी नव्या क्रियेला नवे नाव हवे होते, आणि ते शेतकऱ्याच्या मुठीतून आले. १९२२ मध्ये ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी स्थापन झाली तेव्हा तो शब्द संस्थेच्या नावात जाऊन बसला. बीबीसीला त्याच्या उगमाची जाणीव होती. १९३२ मध्ये लंडनमध्ये उघडलेल्या ब्रॉडकास्टिंग हाउसच्या प्रवेशदालनात एरिक गिल या शिल्पकाराने घडवलेला पुतळा आहे, त्याचे नाव ‘पेरणारा’.

जर्मनांनी वेगळी वाट धरली. त्यांचा ‘रुंडफुंक’ हा शब्द हान्स ब्रेडो यांच्या नावे सांगितला जातो. रुंड म्हणजे भोवताली, फुंक म्हणजे ठिणगी. कारण आरंभीची प्रक्षेपणयंत्रे खरोखरच विजेची ठिणगी पाडून लहरी निर्माण करीत. इंग्रजांना शेत दिसले, जर्मनांना ठिणगी दिसली, आपल्याला आकाश. एकाच यंत्राकडे पाहणाऱ्या तीन संस्कृती, एवढेच.

मराठीने केलेले भाषांतर मात्र पेरणीचे नाही. आपण ‘प्रक्षेपण’ म्हणतो. एका केंद्राचा कार्यक्रम दुसऱ्याने उचलून पुढे पाठवला की ‘सहक्षेपण’. या शब्दांचा मूळ धातू क्षिप्, म्हणजे फेकणे. म्हणजे ‘कास्ट’ आपल्याला मिळाले, ‘ब्रॉड’ सुटले. उधळणारा हात गेला आणि नेम धरणारा आला. क्षेपणास्त्र आणि प्रक्षेपण एकाच घरातले शब्द आहेत हे विसरू नये. त्याच धातूचा आणखी एक शब्द मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचा आहे : प्रक्षिप्त. मूळ ग्रंथात मागाहून कोणी घुसडलेली ओवी. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशाच प्रक्षिप्तांच्या त्रासामुळे. टागोरांचे ते वाक्य रेडिओच्या इतिहासातले प्रक्षिप्त आहे. आता प्रत शुद्ध करू.

भारतात रेडिओचा आरंभ सरकारने केला नाही. १९२३ मध्ये मुंबईच्या हौशी रेडिओ क्लबने कार्यक्रम ऐकवले. १९२४ मध्ये मद्रासच्या क्लबने. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीचे मुंबई केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. राष्ट्रीय प्रसारण दिन पाळतो तो याच तारखेचा. पुढच्याच महिन्यात कलकत्ता केंद्र सुरू झाले. तीन वर्षांच्या आत कंपनी बुडाली आणि १९३० मध्ये सरकारने ती गळ्यात घेतली. नाव ठेवले इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस. हे नाव सरकारी फायलीतच शोभावे असे होते, आणि ते शोभेनासे झाले हे कळायला एक नवा माणूस यावा लागला.

तो माणूस लायनेल फील्डन. बीबीसीतून १९३५ मध्ये आलेला, चक्रम म्हणावा इतका स्वतंत्र वृत्तीचा, दिल्लीच्या नोकरशाहीशी सतत भांडणारा. नामांतराची कथा त्याने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. एका शाही मेजवानीनंतर त्याने व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गाठले आणि मोठ्या अडचणीत असल्याचा आव आणून त्यांचा सल्ला मागितला. चालू नाव बोजड आहे. ‘ब्रॉडकास्टिंग’ हा शब्द भारतीयांच्या जिभेला जड. ‘इंडियन स्टेट’ म्हटले की १९३५ च्या कायद्याच्या भाषेत संस्थान असा अर्थ होतो. काहीतरी सर्वसमावेशक हवे, पण सुचत नाही. व्हाइसरॉयांनी विचार करून ‘ऑल इंडिया’ सुचवले. फील्डनने आश्चर्याचा आविर्भाव केला. मग ‘रेडिओ’ही त्यांच्याच तोंडून वदवून घेतले आणि आद्याक्षरांचे कौतुक केले. ८ जून १९३६ रोजी नाव बदलले.

ही कथा गोड आहे, पण जपून घ्यावी. साक्षीदार एकच, तोही स्वतःच्या चातुर्याची गोष्ट सांगणारा, आणि प्रसंगानंतर दोन तपांनी. तरीही एक गोष्ट तीतून ठामपणे हाती लागते : ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव इंग्रज अधिकाऱ्याने घडवले. एवढ्यापुरते दुसरे वाक्य फिरवणाऱ्यांचे म्हणणे खरे. पण ‘इंग्रजांचे नाव गेले, आपले प्राचीन नाव आले’ यातला पुढचा अर्धा भाग कोसळतो, कारण ज्या काळात फील्डन दिल्लीत आद्याक्षरे जुळवीत होता, त्याच काळात म्हैसुरात ‘आकाशवाणी’ घडत होती. दोन्ही नावे एका वयाची आहेत. एक थोरले आणि एक धाकटे असा प्रकार नाही.

आता म्हैसूर. एम. व्ही. गोपालस्वामी हे म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात मानसशास्त्राचे प्राध्यापक. शिक्षण लंडनला, बुद्धिमापनाचा पाया घालणाऱ्या चार्ल्स स्पिअरमन यांच्या हाताखाली. भारतात मानसशास्त्राचे विभाग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते त्या काळात त्यांनी म्हैसूरला तो विभाग सांभाळला. आणि १० सप्टेंबर १९३५ रोजी त्यांनी आपल्या ‘विठ्ठल विहार’ या राहत्या घरातून रेडिओ केंद्र सुरू केले. प्रक्षेपकाची शक्ती होती ३० वॅट. जुन्या पद्धतीचा साधा विजेचा दिवासुद्धा बहुधा ६० वॅटचा असे; यावरून कल्पना करावी.

हा प्रयोग त्यांनी खिशातून पैसे घालून चालवला. पुढे नगरपालिकेचा हात लागला आणि १९४० च्या दशकाच्या आरंभी म्हैसूर संस्थानाने केंद्र ताब्यात घेतले. याच केंद्रासाठी ‘आकाशवाणी’ हे नाव आले. म्हैसुरात या नावाच्या संदर्भात आणखी एक व्यक्ती सांगितली जाते : ना. कस्तुरी, कन्नडमधले विनोदी लेखक, जे त्या केंद्राच्या कामात गोपालस्वामींबरोबर होते. शब्द प्रथम कोणाच्या ओठांवर आला, प्राध्यापकाच्या की लेखकाच्या, यावर म्हैसूरकरांनी खुशाल वाद घालावा. तो प्रामाणिक वाद आहे : दोघेही तेथे होते, दोघांचाही त्या कामाशी संबंध होता. टागोर तेथे नव्हते.

इथे म्हैसूरच्या अभिमान्यांनाही एक टोला द्यावा लागेल. ‘देशातले पहिले खासगी रेडिओ केंद्र’ असे जे गोपालस्वामींच्या नावापुढे सर्रास लावले जाते, तेही चूक आहे. मुंबई आणि मद्रासचे क्लब त्यांच्याआधी दहा-बारा वर्षे, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी आठ वर्षे आधी; आणि ते सारे खासगीच होते. शेजारच्या हैदराबाद संस्थानातही त्याच सुमारास डेक्कन रेडिओ बोलू लागला होता. गोपालस्वामींना पहिलेपणाचा खोटा मुकुट घालण्याची गरज नाही. त्यांनी केले तेवढे पुरेसे आहे.

मग टागोरांचे काय? त्यांचा संबंध खरा आहे, पण नंतरचा. १९३० च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्याला लघुलहरींचे केंद्र सुरू झाले, त्या निमित्ताने त्यांनी एक कविता लिहिली आणि तीत हा शब्द आला. तोपर्यंत म्हैसूरचे केंद्र दोन-तीन वर्षे चालू होते. टागोरांनी म्हैसूरचा शब्द उचलला असे मी म्हणत नाही. आकाशातून येणाऱ्या वाणीला बंगाली कवीने ‘आकाशबाणी’ म्हणणे इतके स्वाभाविक आहे की त्यासाठी कोणाकडून काही घ्यावे लागत नाही. कवितेने शब्दाला प्रतिष्ठा दिली, बंगालमध्ये तो घरोघर पोहोचवला, हे निःसंशय. पण प्रतिष्ठा देणे आणि जन्म देणे या दोन क्रिया आहेत. बारशाला आलेल्या सन्माननीय पाहुण्याचे नाव जन्मदाखल्यावर बापाच्या रकान्यात लिहीत नाहीत.

यावर हमखास येणारा प्रतिवाद असा : ‘काय फरक पडतो? शब्द चांगला आहे, टागोर महान आहेत, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत ना?’ फरक पडतो. अशा प्रत्येक ‘काय फरक पडतो’ची दिशा ठरलेली असते. श्रेय नेहमी लहानाकडून मोठ्याकडे वाहते. मोठ्याकडून लहानाकडे वाहिल्याचे एक उदाहरण दाखवा. संस्थानी गावातल्या प्राध्यापकाचे श्रेय नोबेलविजेत्याकडे गेले. उलटे कधी जाईल काय? आकाशवाणीची ती पहाटेची सुरावट घ्या. सकाळी केंद्र उघडताना वाजणारी ती धून बहुतेक जाणकार वॉल्टर कॉफमन यांची मानतात : नाझींच्या सावटात युरोप सोडून १९३४ मध्ये मुंबईत आलेले, मुंबई केंद्राचे पाश्चात्त्य संगीत सांभाळणारे ज्यू संगीतकार. पिढ्यान्‌पिढ्या कोट्यवधींनी ती ऐकली. त्यातल्या किती जणांना हे नाव माहीत होते? निर्वासित संगीतकार, संस्थानी प्राध्यापक, विनोदी लेखक : आपल्या प्रसारणाचा पाया अशा लोकांनी घातला आणि भिंतीवर तसबिरी लागल्या दुसऱ्यांच्या.

शब्द म्हैसूरहून दिल्लीला कसा पोहोचला, ही या धाग्यातली सर्वांत दुर्लक्षित कडी आहे. स्वातंत्र्याच्या वेळी ऑल इंडिया रेडिओकडे भारतात सहा केंद्रे उरली होती : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. याखेरीज पाच केंद्रे संस्थानांची होती : म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, औरंगाबाद आणि गायकवाडांचे बडोदे. विलीनीकरणानंतर ती मध्यवर्ती यंत्रणेत आली. यंत्रे आली, माणसे आली, आणि म्हैसूरसोबत एक नावही आले. (गोव्याचे केंद्र यात नाही, कारण तेथे अजून पोर्तुगीजांचे ‘एमिसोरा द गोवा’ चालू होते, ते १९६१ च्या मुक्तीनंतर आपल्याकडे आले.) संस्थानांकडून केंद्र सरकारने काय काय घेतले याच्या याद्या आपण करतो : तिजोऱ्या, रेल्वे, राजवाडे. त्या याद्यांत हा शब्द मी कुठे पाहिलेला नाही.

१९५६-५७ च्या सुमारास ‘आकाशवाणी’ हे संपूर्ण देशाच्या रेडिओचे अधिकृत नाव झाले. माहिती आणि प्रसारण खात्याचे मंत्री होते पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. १९५२ ते १९६२ असे दशकभर त्यांनी ते खाते सांभाळले. शास्त्रीय संगीताला त्यांनी दिलेला आधार कोणी नाकारू नये. पण त्यांच्याच कारकिर्दीत हिंदी चित्रपटगीते रेडिओवरून जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोत्यांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला. नावातला विरोध पाहा. ज्या वाणीला उत्तर देता येत नाही, जी वरून येते आणि खालच्याने निमूट ऐकायची असते, तिचे नाव सरकारने धारण केले ते नेमके श्रोते तिच्याकडे पाठ फिरवत असताना. कंसाच्या हाती सुई नव्हती. अमीन सयानींच्या श्रोत्यांच्या हाती होती. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून सरकारला खाली उतरावे लागले.

आणि खरी अशरीरिणी वाणी पाहायची असेल तर १९४२ ची मुंबई पाहा. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवरून बोलत असे आणि पत्ता सांगे एवढाच : भारतात कुठूनतरी. तो आवाज जागा बदलत राहिला. पोलीस त्याला देह शोधत राहिले. १२ नोव्हेंबरला तो त्यांना सापडला. त्या रेडिओला कोणी आकाशवाणी म्हटले नाही, याची मला नेहमीच गंमत वाटते.

आता भाषेच्या भांडणाकडे. ‘आकाशवाणी’ हा शब्द सर्वांवर लादू नका, असा तमिळनाडूचा जुना आग्रह आहे. तेथे ‘वानोलि’ म्हणतात. वान् म्हणजे आकाश, ओलि म्हणजे ध्वनी. ज्या कन्नड भूमीत ‘आकाशवाणी’ जन्मली तिथेही रेडिओला ‘बानुली’ हा देशी शब्द आहे, अर्थ तोच. मराठीत आपल्याकडे ‘नभोवाणी’ होती. तिचा अर्थही तोच. चार भाषा, चार शब्द, एकच प्रतिमा. म्हणजे तमिळांचा विरोध अर्थाला नव्हता. दुसऱ्याने ठरवलेला उच्चार आपल्या तोंडी बसवण्याला होता. हा विरोध देशद्रोह ठरवणाऱ्यांनी जरा आपल्या ‘नभोवाणी’चे काय झाले ते पाहावे. ‘नभोनाट्य’ या एका जोडशब्दात ती अजून कशीबशी तग धरून आहे. बाकी ठिकाणी आपण ती न भांडता सोडून दिली. भांडलो असतो तर काय बिघडले असते, असे मला आज वाटते.

१९९० च्या प्रसार भारती कायद्यात ‘आकाशवाणी’ हेच नाव आहे आणि तो कायदा १९९७ मध्ये अमलात आला. मे २०२३ मध्ये त्याचाच आधार घेऊन यापुढे ‘ऑल इंडिया रेडिओ’ न म्हणता ‘आकाशवाणी’ म्हणावे, असा आदेश निघाला. तमिळनाडूतून लगेच विरोध झाला. आदेशाच्या बाजूने समाजमाध्यमांवर जी मांडणी झाली तिचा सूर होता वसाहतवादाचे जोखड फेकल्याचा. ‘आकाशवाणी’ या नावावर माझे प्रेम आहे. ‘ऑल इंडिया रेडिओ’पेक्षा ते कितीतरी सरस आहे. पण त्याचे समर्थन खऱ्या कारणांनी करा. ते वेदकाळापासून रेडिओची वाट पाहत बसले नव्हते. ब्रिटिश अमलातच, लंडनला शिकलेल्या एका भारतीय प्राध्यापकाने, परदेशी तंत्रज्ञान हाती घेऊन, दिल्लीच्या परवानगीने नटलेल्या सरकारी यंत्रणेच्या बाहेर, आपल्या घरात एक केंद्र उभे केले आणि त्याला घरचा शब्द दिला. यात स्वाभिमान आहेच, आणि तो पुराणातल्या विमानांपेक्षा कितीतरी भक्कम आहे, कारण त्याला तारीख आहे, पत्ता आहे आणि वॅटमध्ये मोजता येणारी शक्ती आहे.

शिवाय तो स्वाभिमान सक्तीतून आलेला नाही. गोपालस्वामींच्या ३० वॅटच्या यंत्राला कोणावर काही लादणे शक्यच नव्हते. ज्याला ऐकायचे तो ऐके. आणि आवाज फार तर गावाच्या आसपास पोहोचे. देवलोकातल्या वाणीचे नाव एका लहान गावातल्या शेजाऱ्याच्या आवाजाला देण्यात जी खट्याळ विनम्रता होती, ती पुढे त्याच नावाचा मोठा फलक सरकारी इमारतींवर चढला तेव्हा हरवली. हरवणारच होती.

तेव्हा येत्या २३ जुलैला ते टागोरांचे चित्र तुमच्यापर्यंत आले तर पाठवणाऱ्याशी भांडू नका. त्याला फक्त दोन गोष्टी विचारा. ती कविता कोणत्या साली लिहिली? आणि १९३५ साली म्हैसुरात ‘विठ्ठल विहार’मधून काय चालू होते? पहिल्याचे उत्तर तो शोधेल. दुसऱ्याचे उत्तर शोधताना त्याला गोपालस्वामी भेटतील, कदाचित कस्तुरीही.

आणि म्हैसूरला गेलात तर राजवाडा आणि वृंदावन बाग पाहून झाल्यावर थोडा वेळ काढा. आकाशवाणीचे आजचे म्हैसूर केंद्र ‘विठ्ठल विहार’पासून जेमतेम दोनशे यार्डांवर आहे; चालत गेलात तर एक गाणेसुद्धा पुरे ऐकून होणार नाही.